कोणता स्टॉप ओढायचा

योहान सेबास्टियन बाख परगावच्या ऑर्गनवर येऊन बसला की तिथल्या वादकांच्या पोटात गोळा येत असे. भीती त्याच्या बोटांची नव्हती, वाजवण्याआधीच्या त्या दोन मिनिटांची होती. डावी-उजवीकडच्या लाकडी मुठी ओढून तो आपल्या पद्धतीने स्टॉप, म्हणजे नळ्यांच्या वेगवेगळ्या ओळी, निवडू लागला की बघणाऱ्यांना वाटे, हे असलं मिश्रण कानाला बरं लागणं शक्यच नाही. मग तो वाजवू लागे आणि तीच मंडळी थक्क होत. बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, १७७४ साली चरित्रकार फोर्केलला पाठवलेल्या पत्रात ही आठवण लिहून ठेवली आहे. नवा ऑर्गन तपासायला बोलावलं तर बाख आधी सगळे स्टॉप एकदम ओढून भरगच्च वाजवून बघे. याची फुप्फुसं धड आहेत का ते आधी कळू दे, असं वर गमतीने म्हणे. भाते कमी पडले तर ऑर्गन बनवणाऱ्याचा चेहरा तिथल्या तिथे पांढरा पडत असणार.

एवढा जाणता माणूस, पण आपल्या रचनांवर कोणते स्टॉप ओढा हे त्याने जवळजवळ लिहिलंच नाही. काही रचनांच्या डोक्यावर ‘ऑर्गानो प्लेनो’ एवढीच सूचना, म्हणजे भरला ऑर्गन. ‘ऑर्गेलब्युखलाइन’मधल्या एका छोट्या रचनेत हातांसाठी ८ फुटी प्रिन्सिपल आणि पायांसाठी ८ फुटी ट्रंपेट असं स्पष्ट सापडतं. विवाल्दीच्या एका कन्चेर्तोचं त्याने ऑर्गनसाठी जे रूपांतर केलं, त्याच्या हस्तलिखितातही थोड्या सूचना आहेत. बाकी पानंच्या पानं कोरी. याला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. दोन गावांतले ऑर्गन एकसारखे नसतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आर्नश्टाटच्या ऑर्गनसाठी लिहिलेली सूचना नाउम्बुर्गच्या ऑर्गनवर निरुपयोगी, कधी कधी तर घातकसुद्धा. म्हणून ऑर्गनचं लिहिलेलं संगीत कागदावर अर्धंच असतं असं मी मानतो. उरलेलं अर्धं त्या त्या चर्चमध्ये, त्या त्या रविवारी, बाकावर बसलेल्या माणसाला ठरवावं लागतं. या ठरवण्यालाच वादक रजिस्ट्रेशन म्हणतात.

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचासमोर बसलेला वादक, पायाखालचा भाता, आणि नटाच्या तानेला धरून राहणारा तो भरदार सूर. पण तो पत्तीचा ऑर्गन, आपल्या पेटीच्या घराण्यातला. दोघांचंही मूळ युरोपातच. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ज्या छोट्या चर्चना आणि घरांना नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे, त्यांच्यात ते वाद्य भराभर पसरलं. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी त्याची हातपेटी केली आणि आपण बैठक मारून ती वाजवू लागलो. पेटीवाल्याला स्टॉप ही गोष्ट नवी नाही. खर्ज, नर, मादी अशा स्वरपट्ट्यांच्या ओळी आणि समोरच्या ओढायच्या मुठी त्याच्या रोजच्या हाताखालच्या आहेत. फरक संख्येचा. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमधल्या ऑर्गनला १०२ स्टॉप आणि हातांच्या पट्ट्या पाच, एकावर एक रचलेल्या. पायांची पट्टी वेगळीच.

यंत्र मात्र मुळात साधं आहे. लाकडी पेटाऱ्यात भात्याची हवा दाबून भरलेली असते आणि पेटाऱ्याच्या पाठीवर नळ्या ओळीने उभ्या असतात. एक ओळ म्हणजे एका जातीचा आवाज, पट्टीतल्या प्रत्येक स्वराला एक नळी. प्रत्येक ओळीखाली भोकं पाडलेली लांब लाकडी फळी सरकते. मूठ ओढली की फळीची भोकं नळ्यांच्या पायाखाली येतात आणि ती ओळ बोलायला मोकळी होते. मूठ आत ढकलली की भोकं हुकतात आणि ओळ मुकी होते. मध्ययुगातल्या मोठ्या ऑर्गनना ही सोयच नव्हती. एक स्वर दाबला की त्याच्या मागच्या झाडून सगळ्या नळ्या एकदम ओरडत. ओळी सुट्या करता येऊ लागल्या तेव्हा वादकाच्या हाती निवड आली. डोकेदुखीही तेव्हाच आली.

मुठींवर लिहिलेले आकडे फुटांचे असतात. पट्टीच्या डाव्या टोकाला जी सगळ्यांत खालची पांढरी एक, तिची उघडी नळी साधारण ८ फूट लांब असेल तर तो ८ फुटी स्टॉप. हा आवाज माणसाच्या गाण्याच्या उंचीत बसतो. ४ फुटी एक सप्तक वर, २ फुटी दोन सप्तकं वर, १६ फुटी एक सप्तक खाली. ३२ फुटी ओळीतली सगळ्यांत मोठी नळी सेकंदाला जेमतेम १६ कंपनं देते. तो सूर कानाला कमी आणि बसलेल्या बाकाला जास्त कळतो. १७०८ साली म्युलहाउझेनच्या चर्चला ऑर्गन दुरुस्तीचा आराखडा देताना तरुण बाखने असाच ३२ फुटी स्टॉप मागितला होता. सगळ्या वाद्याला भारदस्तपणा त्यानेच येतो, हे त्याचं कारण.

खरी गंमत अर्ध्यामुर्ध्या आकड्यांची. २⅔ फुटी स्टॉप ओढून सा दाबला तर वरच्या सप्तकातला पंचम वाजतो. १⅗ फुटी ओढला तर त्याहून वरचा गंधार. नवख्याला हा वेडेपणा वाटेल, कारण वाजवावं एक आणि ऐकू यावं दुसरंच. पण चांगला जुळलेला तानपुरा ज्याने ऐकला आहे त्याला हे पटकन उमगेल. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार उमटतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या आत जो सूर आपोआप असतो, तोच इथे वेगळी नळी लावून हवा तेवढा घालता येतो. ८ फुटी सुरावर हे पंचम-गंधार अलगद चढवले की कान त्यांना वेगळे ऐकतच नाही. त्याला एकच सूर ऐकू येतो, पण रंग बदललेला, किंचित नाकातला, धारदार. हे स्टॉप हिंगासारखे आहेत. नुसते हुंगवत नाहीत आणि नसले तर चुकचुकल्यासारखं होतं.

बाकी मुख्य जाती चार. प्रिन्सिपल हा ऑर्गनचा स्वतःचा आवाज, कशाची नक्कल न करणारा. फ्लूट गोल आणि मऊ. तंतुवाद्यांच्या वळणाच्या नळ्या बारीक आणि शिरशिरी आणणाऱ्या. आणि पत्तीच्या नळ्या, ज्यांच्यात पेटीसारखी पितळी जीभ थरथरते : ट्रंपेट, ओबो, क्रोमोर्न. शिवाय ‘मिक्श्चर’ नावाचा एक प्रकार असतो. त्यात एका स्वरामागे तीन-चार किंवा त्याहून जास्त छोट्या नळ्या, वरचे षड्ज आणि पंचम ओतणाऱ्या. भरल्या ऑर्गनची चमक त्यांच्यामुळे.

आता पॅरिसला जाऊ, १६९० साली. फ्रान्स्वा कुपरँ बाविशीच्या आतबाहेरचा, सँ-जेर्व्हे चर्चचा ऑर्गनवादक. त्याने मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीसाठी, ऑर्गनच्या रचनांचे दोन संच काढले, एक गावकीच्या चर्चसाठी आणि एक मठांसाठी. प्रत्येकात २१ रचना. छापण्याचा खर्च मोठा, म्हणून मुखपृष्ठ तेवढं कोरून छापलं आणि आतली पानं हाताने नकलून विकली. या रचनांची नावं वाचताना जर्मन संगीतावर वाढलेल्या माणसाला विचित्र वाटतं, कारण बऱ्याच रचनांच्या नावात रजिस्ट्रेशनच आहे. पत्तीच्या स्टॉपवरचा फ्यूग. ट्रंपेट आणि क्रोमोर्नचा संवाद. मधल्या सप्तकातली तिएर्स, म्हणजे गंधाराचा स्टॉप. ग्राँ जवरचं ओफेर्त्वार, म्हणजे अर्पणविधीचं संगीत. कोणते स्टॉप ओढायचे हे कळल्याशिवाय रचनेचं नावही घेता येत नाही.

हे सगळं बसायचं ते उपासनेच्या कडक चौकटीत. तेव्हाच्या फ्रान्समध्ये गायक आणि ऑर्गन आळीपाळीने चालत. कीरी या प्रार्थनेची एक ओळ गायकवृंद गाणार, पुढची ओळ ऑर्गन वाजवणार. ऑर्गनच्या वाट्याच्या ओळीचे शब्द कोणी गात नसे, ते काम वाद्यानेच निभवायचं. कोणत्या ठिकाणी ऑर्गन वाजायचा आणि कोणत्या ठिकाणी नाही हे पॅरिसच्या धर्मप्रांताने १६६२च्या ‘सेरेमोनियाले पारिसिएन्से’ या नियमग्रंथात बांधून दिलं होतं. त्यामुळे कुपरँच्या गावकीच्या मिस्सातली पहिली कीरी सुरू होते ती खणखणीत प्लँ जमध्ये. जुनी ग्रेगोरियन चाल पायाच्या पट्टीवर ८ फुटी ट्रंपेटमध्ये, मधल्या आवाजात, आणि तिच्याभोवती हातांनी प्रिन्सिपलची भिंत. चर्चमधल्या माणसाला ती चाल पाठ असे. शब्द नसले तरी कुठली ओळ चालली आहे ते त्याला ट्रंपेट सांगे.

प्लँ ज आणि ग्राँ ज ही त्या परंपरेची दोन टोकं, आणि त्यांची सरमिसळ करायची नाही हा दंडक. प्लँ ज म्हणजे १६, ८, ४, २ फुटी प्रिन्सिपल आणि वर मिक्श्चर. हातांच्या पट्टीवर ट्रंपेट वर्ज्य, गंधाराचा स्टॉपही वर्ज्य. ग्राँ ज म्हणजे ट्रंपेट, क्लेराँ आणि कॉर्ने. मिक्श्चर वर्ज्य. नियम धर्माज्ञेसारखा वाटतो खरा, पण मुळाशी कारागिरी आहे. त्या काळच्या पत्तीच्या नळ्या आणि मिक्श्चर एकदम ओढले तर हवा अपुरी पडे आणि सूर डगमगे. शिवाय फ्रेंच ट्रंपेट खालच्या सप्तकांत डरकाळी फोडतो पण वर जाता जाता पत्ती आखूड होऊन आवाज बारीक पडतो. म्हणून उजव्या हाताला कॉर्नेची जोड. कॉर्नेची पट्टी मधल्या सा पासूनच सुरू होते आणि प्रत्येक स्वरामागे पाच नळ्या : ८, ४, २⅔, २ आणि १⅗ फुटी. षड्ज, पंचम, गंधार सगळे एकत्र. ट्रंपेटची जिथे दमछाक होते तिथे कॉर्ने खांदा देतो आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. दों बेदो या बेनेडिक्टाइन साधूने १७६६ ते १७७८ या काळात ऑर्गन बांधणीवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात अशा जोड्या घरगुती पाकक्रियेच्या थाटात नोंदल्या आहेत.

मला स्वतःला या सगळ्यात ‘तिएर्स आं ताय’, ती मधल्या सप्तकातली तिएर्स, सगळ्यांत प्रिय. डावा हात मधल्या सप्तकात एकटा गातो, गंधार-पंचमाने रंगवलेल्या त्या नासिक्य सुरात. उजवा हात वरून अगदी हलक्या फ्लूटवर साथ धरतो आणि पाय खर्ज सांभाळतात. साथ वर आणि गाणं खाली, असा उलटा संसार. या चालीत मुरक्या आणि हरकती इतक्या आहेत की आपल्याकडच्या श्रोत्याला ती पहिल्या ऐकण्यातच जवळची वाटावी. निकोला द ग्रिन्यीने १६९९च्या आपल्या ग्रंथात हा प्रकार कळसाला नेला. तरुण बाखने तो अख्खा ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता. म्हणजे फ्रेंच मंडळी काय ओढतात याची त्यालाही उत्सुकता होतीच.

जर्मनीत अशी नियमावली कमी, पण अगदीच नव्हती असं नाही. साम्युएल शाइटने १६२४च्या ‘ताबुलातुरा नोव्हा’त चाल ठळक ऐकू यावी म्हणून काय ओढावं ते सांगितलं आहे. गॉटफ्रीड सिल्बरमान या थोर ऑर्गनकाराच्या ग्रोसहार्टमान्सडॉर्फ आणि फ्राउरॉइट इथल्या ऑर्गनसाठी १७४०च्या दशकाच्या आरंभीची रजिस्ट्रेशनची यादी उपलब्ध आहे. खेड्यातल्या शाळामास्तराला, जो रविवारी ऑर्गनही वाजवायचा, नवं वाद्य कसं हाताळावं हे त्यावरून कळावं.

मैफलीतल्या श्रोत्याला वाटतं की स्टॉप निवडणं म्हणजे रंग भरणं. चर्चमधल्या वादकाचं पहिलं काम मात्र शेकडो अप्रशिक्षित गळ्यांना चालीवर ठेवणं हे असतं. याची चर्चा कमी होते, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. भक्तिगीत सुरू करायचं, चार कडवी आहेत, मंडळी उभी राहिली आहे. मऊ फ्लूट ओढून सुरुवात केली तर गायकांना कडा सापडत नाही आणि गाणं प्रत्येक ओळीला थोडं थोडं रेंगाळत जातं. उलट ट्रंपेट-मिक्श्चर सगळं पहिल्याच कडव्याला झोडलं तर लोक गायचंच थांबतात, कारण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. बहुतेक जाणते वादक ८, ४ आणि २ फुटी प्रिन्सिपलवर पहिलं कडवं धरतात. ८ फुटी गळ्याच्या उंचीत आधार देतो. ४ आणि २ फुटी सुराची धार दाखवतात, म्हणजे मागच्या बाकावरच्यालाही स्वर कधी बदलला ते कळतं. हातांच्या पट्टीवर उगाच १६ फुटी ओढणं हा मला सगळ्यांत जास्त आढळलेला दोष. वादकाला तो आवाज भव्य वाटतो आणि खाली बसलेल्यांना नुसता चिखल. दुसऱ्या कडव्यात २ फुटी आत, फ्लूट बाहेर. तिसऱ्यात कधी पायांची पट्टी पूर्ण सोडून द्यायची म्हणजे चौथ्यात ती परतली की छाती भरून येते. आणि कडव्यांच्या मध्ये, ओळींच्या मध्ये, हात उचलायचे. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही. माणसांना लागतो, आणि हे विसरणाऱ्या वादकामागे गाणारे धापा टाकत धावतात.

इमारतही यात आपलं म्हणणं मांडते. पॅरिसचं नोत्र-दाम साधारण १२८ मीटर लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा पश्चिमेच्या दारावरच्या मोठ्या ऑर्गनचा सूर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा सहज लागतो. वेदीजवळच्या गायकांना साथ देण्यासाठी म्हणून तिथे वेगळा, लहान ऑर्गन आहे. हवामानाचंही तेच. तापमान १० अंशांनी चढलं की साध्या नळ्यांचा सूर अर्धस्वराच्या जवळपास एक तृतीयांश चढतो, पत्तीच्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. उन्हाळ्यातल्या लग्नात ट्रंपेट बेसूर लागतो तो बहुधा असा. बिचाऱ्या ट्रंपेटने जागा सोडलेली नसते, बाकीचे सगळे वर गेलेले असतात. मुंबईच्या हवेत नळ्यांचा ऑर्गन सांभाळणं किती जिकिरीचं, ते यावरून ताडता येईल. दमटपणा लाकडाला आणि चामड्याला सोडत नाही. वुडहाउस रोडवरच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये नळ्यांचा ऑर्गन आहे, पण आपल्याकडे अशी वाद्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. अहमदनगरपासून वसईपर्यंत मराठी उपासना उभी राहिली ती पेटी-तबल्यावर. नारायण वामन टिळकांची गीतं ‘उपासना संगीत’मधून गाणाऱ्या मंडळीला आधार हवा असतो तो चालीतल्या मींडेच्या आसपास वावरणारा. तिथे नळ्यांच्या ऑर्गनने फार काही साधलं नसतं, असं माझं मत आहे.

इंग्लंडमध्ये वेगळीच खासियत. तिथल्या कॅथीड्रलमध्ये स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं ठरावीक छोट्या चालींवर म्हटली जातात, ओळीमागून ओळ, चाल तीच. बदलतात ते शब्द, आणि शब्दांबरोबर वादक स्टॉप बदलतो. १०४व्या स्तोत्रात फांद्यांवर पाखरं गाऊ लागली की वर एखादा नाजूक फ्लूट चिवचिवतो, सिंह गर्जले की पायाखालून पत्तीचा खर्ज. १०५व्यात बेडूक, उवा आणि गारा आहेत, तेव्हा वादकाची चंगळच. हे करताना हात चालीवर, नजर शब्दांवर, कान गायकांवर, आणि मूठ ओढायला फुरसत मिळते ती अर्ध्या श्वासाची. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या डेव्हिड विलकॉक्स यांनी नाताळगीतांच्या शेवटच्या कडव्यांसाठी जे नवे स्वरमेळ लिहिले, ते १९६१च्या ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’मधून सगळीकडे पोचले. आता नाताळात शेवटच्या कडव्याला ऑर्गन दणाणला नाही तर लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. मला त्यातला निम्मा दणदणाट जास्तीचा वाटतो, पण डिसेंबरमध्ये हे बोलायची सोय नाही.

एकोणिसाव्या शतकात आरिस्तीद काव्हाये-कोल या फ्रेंच ऑर्गनकाराने निवडीचं यंत्रच बदललं. त्याने पत्तीचे आणि चमकदार स्टॉप वेगळ्या पेटाऱ्यांवर बसवले आणि त्या पेटाऱ्याची हवा पायाच्या एका दांडीने सोडायची सोय केली. वादक आधीच ट्रंपेट ओढून ठेवी, पण हवा नसल्यामुळे ते गप्प. योग्य क्षणी दांडी दाबली की सगळे एकदम जागे. सेझार फ्रांकच्या रचनांमध्ये मधेच ‘आंश’, म्हणजे पत्तीचे स्टॉप, वाढवा अशी सूचना येते ती या दांडीसाठी. फ्रांक सँत-क्लोतिल्द चर्चचा वादक, आणि तिथला काव्हाये-कोलचा ऑर्गन १८५९चा. त्याच्या पानांवरच्या सूचना इतक्या नेमक्या आहेत की आता प्रश्न उरलाच नाही असं वाटावं. पण एका सूचनेपाशी थबकायला होतं : ८ फुटी फाँ, म्हणजे मूळ आधाराचे सगळे मऊ स्टॉप, आणि त्यांच्यात ओबो. ओबो पत्तीचा स्टॉप. तो या मऊ घोळक्यात कसा? कारण सँत-क्लोतिल्दचा ओबो इतका सौम्य होता की तो त्यांच्यात विरघळून फक्त गाभा घट्ट करी. हीच सूचना इंग्लंडमधल्या एखाद्या ऑर्गनवर जशीच्या तशी पाळली तर तिथला ओबो सर्वांच्या वर नाक काढून बसतो. अशा वेळी फ्रांकशी इमान राखायचं तर त्याने लिहिलेला स्टॉप आत ढकलून दुसरं काही शोधावं लागतं.

आणि सँत-क्लोतिल्दला जाऊन फ्रांकचा आवाज ऐकीन म्हटलं तर तेही जमत नाही. १९३३ साली शार्ल तुर्नमीरच्या काळात त्या ऑर्गनमध्ये भर पडली, पुढे १९६२मध्ये झां लांग्लेच्या काळात पुन्हा फेरफार होऊन तो विजेवर गेला. दोघेही मोठे संगीतकार आणि फ्रांकचे भक्त. भक्तांच्याच हातून मूळ आवाज बदलला, कारण दर रविवारी त्यांना स्वतःची उपासनाही पार पाडायची होती. अल्बर्ट श्वाइट्झर, लांबारेनेच्या रुग्णालयामुळे आपल्याला माहीत असलेले, हेही मुळात ऑर्गनवादक आणि सँ-सुल्पीसचे वादक विदोर यांचे शिष्य. १९०६ साली त्यांनी जर्मन आणि फ्रेंच ऑर्गनबांधणीवर एक पुस्तिका लिहिली आणि कारखान्यातून निघणाऱ्या कर्कश, जाड आवाजाच्या नव्या वाद्यांना विरोध केला. जुने ऑर्गन मोडू नका म्हणून ते गावोगाव भांडत राहिले.

नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा तिथला मोठा ऑर्गन, सुमारे ८,००० नळ्या आणि ११५ स्टॉपचा, ज्वाळांतून वाचला. पण छपराचं शिसं वितळून त्याची धूळ नळ्यांवर बसली होती. नळ्या काढून, धुऊन, पुन्हा उभ्या केल्यावर एकेक नळी बोलती करायचं काम उरलं. दिवसा बांधकामाचा गोंगाट, म्हणून ते रात्री करावं लागलं. ७ डिसेंबर २०२४ला चर्च उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि चार वादकांनी आळीपाळीने तिथल्या तिथे रचून उत्तरं दिली. लिहिलेलं काही नव्हतं. दगड घासून स्वच्छ झालेले, छत नवं. तेव्हा सवयीचे स्टॉप सवयीसारखेच लागतील याची खात्री धरून चालणार नव्हतं.

त्याच शहरातल्या सँत-त्रिनिते चर्चमध्ये ऑलिव्हिए मेसियाँ १९३१पासून १९९२मध्ये मरेपर्यंत वादक होता. विशीच्या आत, १९२८ साली, लिहिलेल्या ‘ल बांके सेलेस्त’मध्ये त्याने पायांच्या पट्टीवरचा खर्ज काढूनच टाकला. हातांनी वाजणारे स्वर अति संथ, आणि पायांनी वाजवायचं ते वरच्या पट्टीत : ४, २⅔, २ आणि १⅗ फुटी. पाय वाजवतात आणि आवाज डोक्यावर थेंबासारखा टपटपतो. हातांकडे ‘सेलेस्त’, म्हणजे दोन ओळी जाणूनबुजून किंचित बेसूर जुळवून सुरात लहर आणणारा स्टॉप. पेटी जुळवणारा त्या दोन ओळींवर आधी कानस चालवील.

या मेसियाँचा आपल्याशीही जुना धागा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या, दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि ती त्याने जन्मभर वापरली. १९५१च्या ‘लिव्र दॉर्ग’ची पहिली रचना प्रतापशेखर, गजझंप आणि सारस या तीन तालांवर उभी आहे. दौलताबादच्या किल्ल्याखालचे लघू-गुरू त्रिनितेच्या नळ्यांतून वाजले. तालाच्या मात्रा कागदावर पक्क्या, त्यात कोणी फेरफार करायचा नाही. ‘ल बांके सेलेस्त’ लोक फार घाईने वाजवतात असं दिसल्यावर मेसियाँने १९६०च्या आवृत्तीत स्वरांची लांबी दुप्पट करून टाकली, म्हणजे वाद मिटला. स्टॉपच्या बाबतीत असा तोडगा त्यालाही काढता आला नाही. ज्या चर्चच्या ऑर्गनला सेलेस्त नाही, किंवा पायांच्या पट्टीला १⅗ फुटी नाही, तिथला वादक हातांची पट्टी पायांना जोडून गंधार तिकडून आणतो, चार-दोन मुठी ओढून बघतो, एखादी परत आत ढकलतो, आणि मिस्सा सुरू व्हायच्या आत काय ते ठरवून मोकळा होतो.